घरातला एकच कॉम्प्युटर सगळे वापरतात. माझ्या फाइल्स आणि हिस्टरी खासगी कशी ठेवू?
आधी प्रत्येकाचं वेगळं विंडोज अकाउंट करा, पासवर्डसकट. बाकीचं नंतर. तुमचं ॲडमिन (सगळे अधिकार असलेलं), घरच्यांची स्टँडर्ड (मर्यादित अधिकारांची). स्टँडर्ड अकाउंटवरून दुसऱ्याचे डॉक्युमेंट्स उघडत नाहीत, ॲडमिनवरून मात्र उघडतात. त्यामुळे 'गेम टाकायचाय' म्हणून चिरंजीवांना ॲडमिन करू नका!

नुसतं क्रोमचं वेगळं प्रोफाइल पुरत नाही. त्याला कुलूप नसतं. चित्रावर क्लिक केलं की तुमची हिस्टरी आणि उघडा मेल समोर. इनकॉग्निटोवरही (क्रोमची हिस्टरी न ठेवणारी खिडकी) लोक फार भरवसा ठेवतात. खिडकी बंद केल्यावर हिस्टरी जाते खरी, पण डाउनलोड केलेली फाइल तिथेच राहते.

उठताना विंडोजचं बटण आणि एल दाबा, स्क्रीन लॉक होते.

दुरुस्तीला मशीन देणार असाल तर पासवर्डवर विसंबू नका. हार्ड डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडली की फाइल्स वाचता येतात. त्यावर उपाय एन्क्रिप्शनचा, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशा रूपात फाइल्स ठेवण्याचा: विंडोजच्या प्रो आवृत्तीत त्यासाठी बिटलॉकर असतं, होम आवृत्तीत काही मशीनवर 'डिव्हाइस एन्क्रिप्शन'. त्याची ४८ अंकी रिकव्हरी की (अडकल्यावर डिस्क उघडायचा आकडा) कागदावर उतरवून कपाटात ठेवा. ती हरवली आणि मशीनने मागितली, तर तुमच्याच फाइल्स तुम्हाला मिळणार नाहीत.