मुंग्या, करंगळी सोडून

“मॅडम, मला लकवा होणारे का, तेवढं सांगा. बाकी काही नको.”

सुनंदाताई (नाव बदललंय) खुर्चीत नीट टेकायच्या आधीच हे बोलल्या. वय 47. नाशिकमध्ये पाच घरी पोळ्या करतात, शिवाय एका मेसच्या दुपारच्या 80 पोळ्या. चार महिन्यांपासून उजव्या हाताला मुंग्या येत होत्या. डॉक्टरांनी तपासून एक चाचणी लिहून दिली होती, पण ती करायला बाई तयार नव्हत्या. म्हणून त्यांना माझ्याकडे पाठवलं. मी डॉक्टर नाही. डॉक्टरांनी पाच मिनिटांत सांगितलेलं अर्धा तास बसून पुन्हा सांगायचं, आणि त्याआधी समोरच्याचं ऐकायचं, हे माझं काम.

ऐकल्यावर कळलं की त्यांच्या आईला अर्धांगवायू झाला होता. “तिचा पण उजवाच हात गेला. सहा वर्षं खाटेवर होती, मीच केलं सगळं.” चाचणी टाळण्याचं कारण तिथे होतं. रिपोर्टात तेच निघेल, त्यापेक्षा न कळलेलं बरं.

“मुंग्या नेमक्या कुठल्या बोटांना येतात?”

“सगळ्या हाताला.”

असं सगळेच सांगतात. मी कोऱ्या कागदावर त्यांचा पंजा ठेवून पेनाने कड काढली आणि म्हटलं, जिथे येतात तिथे रेघोट्या मारा. अंगठा भरला, पहिलं बोट, मधलं बोट. अनामिकेशी पेन थांबलं. त्यांनी बोट चोळून पाहिलं आणि निम्मंच बोट भरलं, अंगठ्याकडचं. करंगळी कोरी.

“हिला नाही होत. ही चांगलीये.”

एवढी नेमकी हद्द मेंदू सहसा आखत नाही, मनगटातला मज्जातंतू आखतो. मनगटात लहान हाडांची एक पन्हळ असते, तिच्यावर जाड पट्ट्याचं छत. त्या बोगद्यातून बोटं वाकवणारे नऊ दोर जातात आणि त्यांच्यासोबत एक मज्जातंतू. दोर सुजले की जागा कमी पडते आणि तो चेपला जातो. सुनंदाताईंचे यजमान रिक्षा चालवतात, म्हणून मी म्हटलं, काळी-पिवळीत दहा माणसं कोंबल्यावर कोपऱ्यातल्या दहाव्याचं जे होतं, ते. पहिल्यांदा हसल्या. याला कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात. करंगळीकडच्या बाजूला मुंग्या असतील तर बहुधा कोपरापाशी दुसरा तंतू दबलेला असतो, आणि मानेतून कळ उतरत असेल तर शोध मानेत घ्यावा लागतो.

इथे मला आपल्या एका शब्दाशी नेहमी भांडावं लागतं: शीर. रक्ताची नळी म्हणजे शीर, मज्जातंतू म्हणजेही शीर आणि हाताच्या पाठीवर ताणलेला दिसतो तो दोरही शीरच. त्यामुळे ‘शीर दबली’ म्हटलं की माणूस मनात जोडत जातो: रक्त अडलं, डोक्यात गेलं, लकवा. सुनंदाताईंनीही हेच जोडलं होतं. त्यात शीर मोकळी करून देणाऱ्या एकाने मनगट असं पिळलं होतं, की आठवडाभर पोलपाट उचलता आला नाही.

लकवा असा महिनोन्‌महिने रात्री उठवून हात झटकायला लावत नाही. तो अचानक येतो. तोंड वाकडं होतं, बोलणं अडखळतं, एका बाजूचा हात किंवा पाय ढिला पडतो. तेव्हा चोळत बसायचं नाही, थेट मोठं रुग्णालय गाठायचं, कारण गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. हे मी त्यांना कागदावर लिहून दिलं, आणि खाली लिहिलं: ‘हात झटकला की बरं वाटतं, हे यात बसत नाही.’

“पण रात्रीच का येतात? रात्री तर मी काही करत नाही.”

झोपेत मनगट दुमडतं. त्या तर हात उशीखाली घालून झोपायच्या. डॉक्टरांनी उलटा नमस्कार करायला लावला होता, म्हणजे पंजांच्या पाठी एकमेकींना टेकवून बोटं खाली. एका मिनिटाच्या आतच मुंग्या आल्या होत्या. ते त्यांना आठवलं आणि तिथे गाठ सुटली. ‘करंट देऊन बघतात’ म्हणून ज्या चाचणीला घाबरत होत्या, ती दुसऱ्या दिवशी करून आल्या. बारीक झटके बसतात, खोटं कशाला सांगू, पण सोसवतात.

मज्जातंतूवरचा दाब मध्यम निघाला. सोबतच्या रक्ततपासणीत थायरॉइड मंदावलेला आढळला, त्यानेही मनगटात सूज धरते. रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा आला. “पट्टा बांधून पोळ्या कशा लाटू?” लाटायच्या नाहीतच, तो फक्त झोपताना. खरं तर लाटण्यापेक्षा कणीक मळताना मनगटावर जास्त जोर येतो. मेसवाल्यांशी बोलून त्यांनी मळायचं काम तिथल्या मुलाकडे दिलं. ते बोलायला मात्र त्यांना तीन आठवडे लागले. हात गेला की काम गेलं, आणि ‘जमत नाही’ म्हटलं तरी काम जाईल, ही भीती लकव्याच्या भीतीहून लहान नव्हती.

दीड महिन्यात रात्रीची झोप परतली. दिवसा अजून बोटं जड होतात. अंगठ्याखालची गादी सपाट व्हायला लागली किंवा बधिरपणा जाईनासा झाला, तर शस्त्रक्रिया लांबवायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. ‘शीर कापणार’ या शब्दावर त्या पुन्हा दचकल्या. शीर नाही कापत, तिच्यावरचं छत कापतात, हात तेवढा बधिर करून.

दुसऱ्या भेटीला यजमान सोबत होते. म्हणाले, “मुंग्या मलाही येतात, पायाला. हिचाच पट्टा मला चालेल का?” आठ वर्षं साखरेची गोळी चालू. दोन्ही तळवे रात्री जळतात. बोलता बोलता सहज म्हणाले की परवा चप्पल पायातून निसटली, ती घरी आल्यावर कळली.

मी त्यांना तिथूनच डॉक्टरांकडे नेलं. हे दबणं नव्हे. वाढलेल्या साखरेने मज्जातंतूच झिजतात, आधी सगळ्यात लांबचे, म्हणून दोन्ही पायांची बोटं आणि मग मोज्यासारखं वर. डॉक्टरांनी नायलॉनचा बारीक धागा तळव्याला टेकवला, 10 ग्रॅम दाब पडला की वाकणारा. डोळे मिटलेले यजमान “टेकवा की” म्हणत होते, तेव्हा तो चार वेळा टेकवून झाला होता. सुनंदाताई ते बघत होत्या.

मेटफॉर्मिन ही साखरेची गोळी वर्षानुवर्षं घेतल्यावर बी-12 कमी पडू शकतं, म्हणून तेही तपासलं आणि कमीच निघालं. त्यांना इंजेक्शनं लागली. हेच लाल इंजेक्शन ‘ताकदीचं’ म्हणून सुनंदाताईंनी आधी बाहेर कुठेतरी पाच वेळा टोचून घेतलं होतं. त्यांचं बी-12 व्यवस्थित होतं!

आता रोज रात्री त्या यजमानांच्या तळव्याखाली आरसा धरून बघतात, कुठे फोड, चीर, रुतलेला खडा. अडलंय एकाच जागी. चैत्रात सप्तशृंगीच्या गडावर अनवाणी पायी जायचा त्यांचा नवस आहे. मी नवसाला नको म्हटलं नाही, अनवाणी तेवढं नको म्हटलं. बधिर पायाला डांबराचा चटका कळत नाही, जखम मात्र होते आणि ती लवकर भरत नाही. बरीच घासाघीस झाली. शेवटी बूट घालून चालायचं कबूल केलं, पण पायऱ्यांपाशी काढणार म्हणाले.

भर चैत्रात तिथली फरशीही तापते. तो विषय मी पुढच्या भेटीला काढणार आहे.