अथेन्सची सभा आणि आपली ग्रामसभा

प्रश्न : प्राचीन अथेन्सचे नागरिक स्वतः सभेत बसून निर्णय घेत. आपण पाच वर्षांतून एकदा मत देतो आणि आमची ग्रामसभा तर गणपूर्तीअभावी तहकूब होते. मग खरी लोकशाही त्यांचीच म्हणायची का?
— एक वाचक, ता. आर्वी, जि. वर्धा

उत्तर : अथेन्सच्या सभेत स्त्रिया, गुलाम आणि तिथेच स्थायिक झालेले परके यांना स्थान नव्हते, इ.स.पू. ४५१ च्या कायद्यानंतर तर आईवडील दोघेही अथेन्सचे असल्याखेरीज नागरिकत्वच मिळत नसे. आपल्याकडे गावातील प्रत्येक मतदार ग्रामसभेचा सदस्य आहे, आणि या बाबतीत आपली लोकशाही निःसंशय मोठी आहे.

अथेन्सकडून घ्यावे असे दुसरेच काही आहे. तेथील पाचशे जणांचे मंडळ दरवर्षी सोडतीने निवडले जाई आणि एका माणसाला त्यात आयुष्यात दोनदाच बसता येई. सेनापती मात्र हात वर करून निवडत, कारण युद्ध नशिबावर सोडण्याइतके ते लोक भाबडे नव्हते. मुदत संपली की पदाधिकाऱ्याला हिशेब द्यावाच लागे. आपल्याकडेही आरक्षणाच्या सोडतीत लहान मुलाच्या हाताने बरणीतून चिठ्ठी काढतात, परंतु तिने पद कोणासाठी राखीव एवढेच ठरते.

गणपूर्तीची अडचण अथेन्सलाही होती. सुमारे चाळीस किलोमीटरवरच्या मॅरेथॉनचा शेतकरी कामधंदा सोडून वारंवार कसा येणार? म्हणून इ.स.पू. चौथ्या शतकाच्या आरंभी त्यांनी सभेला येणाऱ्यांस भत्ता सुरू केला आणि पुढे तो वाढवलाही. आपली २ ऑक्टोबरची ग्रामसभा नेमकी सोयाबीनच्या सोंगणीत येते. त्या दिवशी मजुरी बुडवून न आलेल्या बाईला किंवा धुऱ्यावर उभ्या असलेल्या कास्तकाराला उदासीन म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

लोक येतात ते हातात काही असते तेव्हा. गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावात सर्वांच्या सहमतीने निर्णय घेण्याची रीत आहे. २००९ साली तेथे सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ पासून बांबूचा वाहतूक परवाना ग्रामसभाच देऊ लागली.

तेव्हा पुढील ग्रामसभा सोंगणी टाळून, सायंकाळी घ्यावी अशी लेखी मागणी आपल्या सरपंचांकडे करा, आणि वित्त आयोगाच्या निधीचा जमाखर्च वाचून दाखवणे हा विषय विषयपत्रिकेत पहिला घालायला सांगा.