'अल्लेमान्सरेत्तेन'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आहे: स्वीडनमध्ये दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीवरही हिंडायचा, तंबू ठोकून राहायचा सर्वांना हक्क असतो, त्याला 'अल्लेमान्सरेत्तेन' म्हणतात. मराठीत 'वहिवाट' चालेल का, की 'मुक्तसंचार'?

'वहिवाट' नको. वहिवाटीत वाट ठरलेली आणि वापरणारेही ठरलेले. अमुक गटातून तमुक बांधावरून वर्षानुवर्षं ये-जा आहे, हे तहसीलदारापुढे दाखवावं लागतं. स्वीडनमध्ये काल विमानातून उतरलेला परदेशी पाहुणाही हा हक्क बजावू शकतो. ('अल्ले मान' म्हणजे सगळी माणसं, 'रेत' म्हणजे हक्क.)

'मुक्तसंचार' आता वर्तमानपत्रांनी बिबट्याच्या नावे करून दिला आहे. 'वनहक्क' म्हणावं, तर तो शब्द २००६ च्या कायद्यामुळे आदिवासी आणि इतर पारंपरिक वननिवासींच्या हक्कांसाठी रुळला आहे. तो तिथेच राहू दे.

मला 'मुभा' जवळचा वाटतो, कारण मुभा म्हटलं की अटी ओघानेच आल्या. स्वीडनच्या राज्यघटनेत १९९४ पासून या हक्काचा उल्लेख आहे, पण त्याची व्याख्या कुठल्याच कायद्यात नाही. लोक पाळतात ते एवढंच: कुणाला त्रास द्यायचा नाही, कशाची नासधूस करायची नाही.

मग 'रानमुभा'? ऐकायला गोड, पण घोटाळ्याचा. देशावर 'रानात गेलाय' म्हणजे शेतात गेलाय, आणि असाच हक्क देणाऱ्या शेजारच्या नॉर्वेच्या १९५७ च्या कायद्याने रेघ मारली आहे ती नेमकी शेत आणि रान यांच्यामध्येच. शेत, लागवडीचं कुरण, घराभोवतीचं आवार हे 'इनमार्क'. त्यापलीकडचं जंगल, माळ, डोंगर हे 'ऊतमार्क'. तंबू ऊतमार्कात, तोही राहत्या घरापासून १५० मीटर लांब. एका जागी दोन रात्री. उंच डोंगरात किंवा वस्तीपासून फार दूर असाल तर जास्त. इनमार्कात पाऊल टाकायचं ते जमीन गोठलेली किंवा बर्फाखाली असताना, आणि ३० एप्रिल ते १४ ऑक्टोबर तेही नाही. पीक तुडवलं जाऊ नये, हा साधा शेतकरी हिशेब.

म्हणून मी 'भटकमुभा' सुचवेन. कानाला थोडा खडबडीत आहे खरा, पण सरकारी वास नाही.

यात मुक्काम येतो का, असं कुणी विचारेलच. इंग्लंडमध्ये असा सरसकट हक्क नाही, पण डार्टमूरच्या सामाईक माळांवर १९८५ च्या कायद्याने पायी किंवा घोड्यावरून 'मोकळ्या हवेतल्या विरंगुळ्यासाठी' जाता येतं. तंबूत झोपणं हा विरंगुळा का, यावर खटला झाला! जानेवारी २०२३ मध्ये उच्च न्यायालय म्हणालं, नाही. त्याच जुलैत अपील न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जमीनमालकांचं अपील एकमताने फेटाळलं. तेव्हा 'भटकमुभे'त मुक्काम धरायला माझी हरकत नाही.