कोच बदलला की पोरं का हलतात?

प्रश्न: भाचा अमेरिकेत शिकतो. त्याच्या विद्यापीठाचा फुटबॉलचा हेड कोच गेला आणि मागोमाग डझनभर खेळाडूही गेले. इकडे आमच्या कॉलेजातले फुटबॉलचे सर बदलले, तर सहा पोरं जळगावला नाव घालायचं म्हणताहेत. दुखणं एकच आहे का?
— एक पालक, अमळनेर

उत्तर: दुखणं सारखं, पण औषध वेगळं. तिकडचा फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून, लांबट चेंडूने खेळायचा. 2018 साली तिथे ‘ट्रान्सफर पोर्टल’ आलं. त्यात नाव टाकलं की दुसऱ्या विद्यापीठांचे कोच खेळाडूशी थेट बोलू शकतात. पहिल्या बदलीनंतर वर्षभर बाहेर बसायची अट 2021 मध्ये गेली. हेड कोच गेला तर नाव टाकायला वेगळी मुदत मिळते, 2024 च्या सुरुवातीला ती 30 दिवसांची होती. त्या जानेवारीत अलाबामा विद्यापीठाचे हेड कोच निक सेबन निवृत्त झाले, दोनच दिवसांत केलन डीबोअर नेमले गेले. तरीही केलेब डाउन्ससारखा अव्वल बचावपटू ओहायो स्टेट विद्यापीठात गेलाच.

मुलाच्या घरी जाऊन शब्द देणारा बहुधा सहायक कोच असतो, आणि हेड कोचबरोबर तोही उठतो. शिवाय नव्या कोचची पद्धत निराळी. धावत चेंडू नेणाऱ्या संघासाठी निवडलेला धिप्पाड गडी चेंडू फेकून खेळणाऱ्या संघात बाकावर बसतो. त्यात नव्या मुलांच्या करारावर सह्या डिसेंबरच्या सुरुवातीला. नोव्हेंबरअखेर कोच काढला, तर नव्या माणसाच्या हाती जेमतेम आठवडा.

उलटंही घडतं. 2023 च्या अखेरीस कर्ट सिग्नेटी इंडियाना विद्यापीठाचे हेड कोच म्हणून आले, तेव्हा जेम्स मॅडिसन विद्यापीठातले त्यांचे 13 खेळाडू पाठोपाठ आले. 3 विजय, 9 पराभव अशी गत झालेल्या संघाने पुढच्या मोसमात 11 सामने जिंकले, 2 हरले. आमच्या मते खरी चावी त्या तेरा जणांत होती. सराव कसा करायचा हे बाकीच्यांना रोज शेजारी दिसत होतं.

आता अमळनेर. विद्यापीठाचा संघ आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांतून निवडतात, आणि जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्हे एकाच विद्यापीठात. म्हणजे निवडीसाठी जळगावला जायची गरजच नाही. तिथे चांगलं मैदान, रोजचा सराव आणि आपले विषय मिळत असतील तर जा. पण सत्र संपल्यावर. विद्यापीठच बदलायचं असेल, तर मायग्रेशन सर्टिफिकेट लागेल.

कॉलेजने मात्र जुन्या सरांकडून एक वही आजच भरून घ्यावी: प्रत्येकाची जागा, जुनी दुखापत, आणि ज्या शाळेतून पोरगा आला तिथल्या क्रीडाशिक्षकांचा फोन. पुढच्या वर्षीची भरती त्या फोनांवरच चालते. फोन थांबले की तालुक्यातली पोरं दुसऱ्या कॉलेजात जातात, आणि ते कळतं थेट जुलैत.

प्रश्न: नव्या सरांनी कॅप्टन आणि फॉर्मेशन लगेच बदलावं का?
— एक खेळाडू, शिरपूर

उत्तर: स्पर्धा महिन्यावर असेल तर दोन्ही नको. सरावाची वेळ, उशिरा येणाऱ्याचे नियम, फिटनेस चाचणी हे पहिल्या दिवसापासून बदला. चाचणीत कॅप्टनही धावला पाहिजे. 4-4-2 चं (चार बचावपटू, चार मिडफिल्डर, दोन फॉरवर्ड) 4-3-3 करायचं तर निदान सहा आठवडे हवेत, नाहीतर बाजूचे मिडफिल्डर परत यायचे विसरतात आणि फुलबॅक, म्हणजे कडेचा बचावपटू, एकटा सापडतो. गोलकीपरकडे आधी बघा. त्याचा वेगळा सराव जुने सरच घेत असतील, तर ते जाताच तो बंद पडतो.