"तू ओरडली का नाहीस" असं विचारून बसले, आता काय करू?

ताई, माझी मामेबहीण पुण्यात जॉबला आहे. तीन आठवड्यांपूर्वी ऑफिसच्या ट्रिपला टीममधल्याच एकाने तिच्यावर जबरदस्ती केली. परवा ती नाशिकला आमच्याकडे आली तेव्हा मला एकटीला सांगितलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "तू ओरडली का नाहीस?" तेव्हापासून ती गप्प आहे. त्याचे सॉरीचे मेसेज आहेत, ते डिलीट करते म्हणते. पोलिसांत जायलाच हवं ना? मामीला सांगू का?
– एक बहीण, नाशिक

अगं, आधी तिच्याकडे जा आणि सरळ म्हण, मी तसं विचारायला नको होतं, माझा तुझ्यावर विश्वास आहे. बास. पुढे "पण" जोडू नकोस.

भीतीने अंग गोठतं, आवाजच फुटत नाही, असं खूप जणींचं होतं. त्यात समोरचा रोज शेजारच्या डेस्कवर बसणारा, मग हे काय चाललंय हे कळेपर्यंतच सगळं होऊन गेलेलं असतं. तुझा प्रश्न एके काळी सुप्रीम कोर्टालाही पडला होता बरं का. मथुरा प्रकरण ऐकलं असशील, आताच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या देसाईगंजची मथुरा नावाची आदिवासी पोरगी, १९७२ ला पोलीस ठाण्यातच अत्याचार झाला आणि १९७८ ला, अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा केल्याचं दिसत नाही, असं धरून दोन्ही पोलीस सुटले. देशभर बायका रस्त्यावर उतरल्या तेव्हा कुठे १९८३ ला कायदा बदलला. आता तर कायद्यातच लिहिलंय की प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती होती असं धरायचं नाही. हे तिला सांग, तिला बरं वाटेल.

पोलिसांत जायचं की नाही ते तिला ठरवू दे. तुला राग आलाय, यायलाच हवा, पण एक गोष्ट तिच्या मनाविरुद्ध झालीच आहे, तक्रार तरी तशी नको. आणि मामीला तिने हो म्हटल्याशिवाय अजिबात सांगायचं नाही, मामीकडून मामा, मामाकडून काका, मग त्या पोराच्या घरी फोन, आणि आपल्याकडे "लग्नच लावून देऊ" म्हणणारा एखादा शहाणा निघतोच.

फक्त तिला हे माहीत असू दे की दार बंद झालेलं नाही. उशीर झाला म्हणून पोलीस तक्रार नाकारू शकत नाहीत. नाशिकच्या पोलीस स्टेशनलाही झिरो एफआयआर होते, म्हणजे गुन्हा दुसरीकडे घडला असला तरी तक्रार नोंदवून घेतात आणि ती पुढे घडलं तिथल्या पोलीस स्टेशनला पाठवतात. जबाब महिला अधिकारीच घेते आणि तो घरी बसूनही देता येतो. ऑफिसची ट्रिप म्हणजे कामाचीच जागा, त्यामुळे कंपनीच्या अंतर्गत समितीकडेही, म्हणजे लैंगिक छळाच्या तक्रारी बघणाऱ्या समितीकडेही तक्रार करता येईल, पण तिथे तक्रार करायला साधारण तीन महिन्यांची मुदत असते, हे मात्र लक्षात ठेवा.

चॅट डिलीट करू देऊ नकोस, पण म्हणून फोन हिसकावू नकोस गं, स्क्रीनशॉट काढून, चॅट एक्सपोर्ट करून तुझ्याकडे ठेवू का असं विचार. तिला ते परत बघायची गरज नाही. त्या दिवशीचे कपडे न धुता पडले असतील तर कागदी पिशवीत ठेवा, प्लास्टिकमध्ये दमट होऊन खराब होतात.

डॉक्टरकडे मात्र लवकर जा. प्रेग्नन्सी टेस्ट, एचआयव्ही आणि बाकी इन्फेक्शनच्या तपासण्या, एचआयव्हीची पुढे परत करावी लागते. सरकारी काय, प्रायव्हेट काय, कुठलंही हॉस्पिटल अशा वेळी उपचार नाकारू शकत नाही, पैसेही घेऊ शकत नाही. ते पोलिसांना कळवतील हे तिला आधीच सांगून ठेव, नाहीतर तिथे दचकेल. जबाब द्यायचा नसेल तर तसं ती सांगू शकते, उपचार त्यावर अडत नाहीत. सोबत माहितगार बाई हवी असेल तर १८१ या महिला हेल्पलाइनला फोन करून जवळचं सखी सेंटर, म्हणजे अत्याचार झालेल्या बायकांना मदत करणारं सरकारी केंद्र, विचार.

आणि तू हे सगळं एकटी पोटात ठेवून बसली आहेस, तर टेली मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला १४४१६ वर फोन कर, तिचं नाव न घेता बोल. मराठीत बोलतात.