युरोपा देवी नव्हे, विशालाक्षी

एका वाचकाने विचारलंय : "जुन्या नकाशात युरोप खंड मुकुटवाल्या बाईच्या आकारात काढलेला पाहिला. ही ग्रीक पुराणातली 'युरोपा देवी' का? खंडाला नाव तिच्यावरूनच पडलं का?"

आधी ते 'देवी' खोडा. परक्या पुराणातली कुठलीही बाई दिसली की तिला हळदकुंकू वाहायची आपली खोड जात नाही. युरोपा ही फिनिशियाच्या (आजच्या लेबनॉनच्या किनाऱ्यावरच्या) राजाची लेक. ग्रीकांचा देवराज झ्यूस बैल होऊन आला आणि तिला पाठीवर घेऊन समुद्रापार क्रीट बेटावर गेला. ग्रीसच्या २ युरोच्या नाण्यावर ती बैलासकट आहे. नकाशातली राणी वेगळी. योहानेस पुट्शच्या १५३७च्या नकाशात पश्चिम वरच्या बाजूला आहे, म्हणून स्पेन हे तिचं डोकं, इटली उजवा हात, बोहेमिया (आजच्या चेकियातला) काळीज. बैलाचा पत्ताच नाही.

खरी गंमत नावात आहे. ग्रीक 'एउरुस' म्हणजे रुंद, 'ऑप्स' म्हणजे डोळा किंवा चेहरा. 'एउरुस' आणि संस्कृत 'उरु' हे सख्खे भाऊ. (पहिला उ ऱ्हस्व. दीर्घ केलात तर मांडी होते!) ऐसपैस पसरलेली 'उर्वी', म्हणजे पृथ्वी, याच घरातली. 'ऑप्स'चं नातं 'अक्षि'शी. म्हणजे युरोपा ही आपली विशालाक्षीच की! ऋग्वेदात वरुणाला 'उरुचक्षस्' म्हटलंय, होमर झ्यूसला 'एउरुओपा' म्हणतो. पळवणारा आणि पळवलेली, दोघांच्या नावांची घडण एकच. मला तरी हा योगायोग वाटत नाही. मात्र भाऊ म्हणजे बाप नव्हे. 'सुरूप'वरून युरोप झाला असं सांगणारे फॉरवर्ड मला पाठवू नका.

भाषाशास्त्रज्ञ बेकेस आपल्या ग्रीक व्युत्पत्तिकोशात हे नाव ग्रीकपूर्व, म्हणजे ग्रीक यायच्या आधी तिथे असलेल्या भाषेतलं, असावं म्हणतात. अडलं की ग्रीकपूर्व! मग कोश कशाला लिहायचा? दुसरा पक्ष सूर्यास्ताच्या सेमिटिक (अरबी-हिब्रूच्या कुळातल्या) शब्दाकडे बोट दाखवतो, म्हणजे मगरीबच्या, सूर्यास्तानंतरच्या नमाजातला 'गरब' ज्या धातूचा, त्याकडे. ग्रीकचे अभ्यासक मार्टिन वेस्ट यांनी ध्वनी जुळत नाहीत म्हणून तो खोडलाय, आणि बरंच केलंय. उगवतीकडच्या राजकन्येला मावळतीचं नाव कोण ठेवेल?

हां, खंडाच्या नावाचं राहिलंच. त्यावर प्राचीन ग्रीक इतिहासकार हेरोडोटसही वैतागला होता. तो म्हणतो, नाव कोणी ठेवलं ते कोणालाच ठाऊक नाही, आणि तिचं म्हणावं तर बाई पडली आशियाची. ग्रीक ज्याला युरोप म्हणतात तिथे तिचं पाऊलही पडलं नाही. फिनिशियातून क्रीटला गेली, तिथून लिसियाला, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्याला.