वाचक विचारतात : रस्त्यावर आलेल्या मित्रासाठी काय करावं?

प्रश्न : शाळेपासूनचा मित्र चार महिन्यांपासून पुणे स्टेशनच्या आसपास झोपतो. नोकरी गेली, मग घर सुटलं, पिणं वाढलं. बॅग चोरीला गेली, त्यात आधार कार्ड, बँकेचं पासबुक, सगळंच गेलं. पैसे दिले की संध्याकाळपर्यंत संपतात. माझं घर वन रूम किचन, त्याला घरी आणणं शक्य नाही. पैसे न देता नेमकं काय करता येईल? (एक वाचक, पुणे)

उत्तर : आधी त्याला विचारा की त्याचा जुना मोबाइल नंबर अजून त्याच्याच नावावर चालू आहे का. जेवणापेक्षाही हे निकडीचं आहे. प्रीपेड नंबर ९० दिवस वापरात नसला की बंद होऊ शकतो आणि पुढे दुसऱ्याला दिला जातो. मग आधारचा, बँकेचा ओटीपी भलत्याच माणसाकडे जातो. नंबर अजून त्याच्याच नावावर असेल तर कंपनीच्या दुकानात त्याला सोबत नेऊन तेच सिम पुन्हा काढा, रिचार्ज तुम्ही भरा. हँडसेट साधा बटणांचा घ्या. चार्जिंग चार दिवस टिकतं आणि चोराला त्यात रस नसतो.

नंतर आधार. इथे हमखास होणारी चूक म्हणजे कार्ड हरवलं म्हणून नव्याने नोंदणी करणं. बोटांचे ठसे जुन्या नोंदीशी जुळतात, अर्ज 'डुप्लिकेट' म्हणून फेटाळला जातो आणि तोवर काही आठवडे वाया जातात. आधार नंबर आठवत नसला तरी आधार केंद्रावर नाव, लिंग आणि जिल्हा किंवा पिनकोड सांगून ठसा किंवा डोळ्यांची बुबुळं दिली की जुनी नोंद सापडते आणि किरकोळ शुल्कात प्रिंट मिळते. बांधकामावर, धुण्याभांड्यावर राबलेल्या माणसांच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात, ठसा उठत नाही. तेव्हा बुबुळांवरून शोधायला सांगा. त्याच फेरीत मोबाइल नंबरही जोडून घ्या, त्याला कागद लागत नाही. माणूस मात्र स्वतः हजर हवा. त्याच्या वतीने तुम्ही जाऊन उपयोग नाही. चौकशीसाठी हेल्पलाइन १९४७.

पत्ता बदलायचा असेल तर आधारचा ठरलेला प्रमाणपत्राचा नमुना असतो. त्यावर नगरसेवक, आमदार, तहसीलदार किंवा मान्यताप्राप्त निवारागृहाचे अधीक्षक सही करू शकतात. लेटरहेडवर लिहून आणलेलं पत्र परत येतं, खाडाखोड असलेलंही परत येतं. सही झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत ते वापरावं लागतं. तयार झालेल्या कागदांची मूळ प्रत तुमच्याकडे ठेवा, त्याच्या खिशात झेरॉक्स असू द्या. रस्त्यावर पाऊस आणि चोरी या दोन गोष्टी कागद टिकू देत नाहीत.

बँक. ओळखीचा कागद नसला तरी फोटो आणि बँक अधिकाऱ्यासमोर केलेली सही किंवा अंगठा यांवर 'लहान खातं' उघडता येतं. शिल्लक ५०,०००पर्यंत, महिन्याला काढता येणारी रक्कम १०,०००पर्यंत आणि वर्षभरात जमा १ लाखापर्यंत, अशा मर्यादा असतात. मुदत बारा महिने. त्या काळात ओळखपत्रासाठी अर्ज केल्याचा पुरावा दाखवला तर आणखी बारा महिने वाढते. शाखेत 'जमत नाही' असं उत्तर आलं तर 'स्मॉल अकाउंट' हा शब्द वापरून व्यवस्थापकाशी बोला.

झोपण्याच्या जागेबद्दल. सर्वोच्च न्यायालयाने २०१०मध्ये दर एक लाख लोकसंख्येमागे एक बेघर निवारा असावा असं सांगितलं. महापालिकेच्या समाज विकास किंवा नागरवस्ती विभागाकडे केंद्रांची यादी मिळते. राहणं फुकट असतं. पण तुम्ही यादी हातात दिली म्हणून तो जाईलच असं नाही. पिऊन आलेल्याला आत घेत नाहीत, सामान ठेवायला कुलूपबंद जागा क्वचितच असते, गर्दीत चप्पल जाते, खोकणाऱ्यांच्या शेजारी झोपावं लागतं. त्याची नाराजी खोटी नसते. दिवसा दोघं मिळून जागा बघून या आणि पहिल्या रात्री सामानाची पिशवी तुमच्या घरी ठेवून घ्या.

जेवणासाठी ओळखीच्या खानावळीत एका आठवड्याचे पैसे आगाऊ भरा, महिन्याचे नकोत. कुपनं विकली जातात, म्हणून वहीत नाव लिहून घ्यायला सांगा.

पिण्याबद्दल एक गोष्ट ठासून सांगायला हवी. त्याला खोलीत बंद करून दारू तोडू नका. रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी सोडली तर एका दिवसाच्या आतच हात थरथरतात, घाम फुटतो, फिट येऊ शकते. दोन-तीन दिवसांत भ्रम होतो, नसलेल्या वस्तू दिसू लागतात. हे जिवावर बेतू शकतं. सरकारी रुग्णालयाच्या मनोविकार विभागात औषधांच्या आधारे ती सोडवतात. व्यसनमुक्तीची हेल्पलाइन १४४४६. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार बेघर व्यक्तीला सरकारी मानसिक आरोग्य केंद्रात उपचार मोफत मिळायला हवेत, बीपीएल कार्ड असो वा नसो. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकी तपासून घ्या, तीही सरकारी दवाखान्यात फुकट होते. क्षयरोग निघाला तर उपचार चालू असेपर्यंत महिन्याला १,००० रुपये पोषणासाठी मिळतात. ते बँकेत जमा होतात, म्हणून खातं आधी.

पावसाळ्यात जाड चादर देऊ नका. ओली झाली की ती वाळत नाही आणि अंगावर ओझं होते. ताडपत्रीचा तुकडा, पातळ सुती चादर आणि सँडल द्या. पायात चिखल्या झाल्या असतील तर बोटांमधली जागा कोरडी करून बुरशीवरचं मलम दोन ते चार आठवडे लावायचं. बरं वाटताच थांबवलं की परत होतात.

प्रश्न : पोलिसांना सांगून अशा बेघर मित्राला 'सरकारी आश्रमात' ठेवून घेता येईल का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : जपून. महाराष्ट्रात १९५९चा भिक्षा प्रतिबंधक कायदा लागू आहे. उपजीविकेचं साधन दिसत नाही आणि भटकतो आहे, एवढ्यावरही माणूस त्यात पकडला जाऊ शकतो आणि भिक्षेकरीगृहात एक ते तीन वर्षं राहावं लागू शकतं. मदतीसाठी केलेला फोन असा उलटू शकतो. स्वतःची काळजी घेऊ न शकणारा मानसिक रुग्ण दिसला तर मात्र पोलिसांना सांगणं योग्य, कारण २०१७च्या कायद्याने त्याला २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत नेण्याची जबाबदारी त्यांच्यावर आहे. पोलिसांशी बोलताना 'स्वतःची काळजी घेऊ न शकणारा मानसिक रुग्ण' हेच शब्द वापरा, 'भिकारी' म्हणू नका.

प्रश्न : बेघर मित्राला पत्ताच नाही, तर मतदार यादीत नाव कसं येणार? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : नमुना ६, म्हणजे मतदार नोंदणीचा अर्ज, भरताना तो जिथे झोपतो ती जागा पत्ता म्हणून लिहायची. पुराव्याचा कागद लागत नाही. मतदान केंद्राचा अधिकारी, म्हणजे बीएलओ, रात्री त्या जागी जाऊन खात्री करतो आणि ही भेट एकापेक्षा जास्त रात्री व्हावी असा नियम आहे. अर्ज दिल्यावर बीएलओला फोन करून साधारण कोणत्या दिवशी येणार ते विचारून ठेवा आणि त्या दिवसांत मित्राला जागा बदलू नको म्हणून सांगा.